विचारल्याशिवाय काही घालू नये

राहू गावात कोणालाही विचारा, गाईच्या पोटाचं सुवर्णाइतकं कोणाला कळत नाही असंच सांगतील. अकरा संकरित गाई, पत्र्याचा गोठा, हिरवा चारा मुरवायचा मुरघासाचा खड्डा, आणि हे सगळं ओढणारी एकटी बाई. कुठली गाय किती खाते, कुठलीला सरकी पेंड सोसत नाही, कुठली नवा चारा बघून नाक मुरडते, सगळं तिला तोंडपाठ. आजूबाजूचे बाप्ये चारचौघांत कबूल करायचे नाहीत, पण गाय खाईनाशी झाली की मुकाट तिच्याच दारात यायचे. आणि अशा बाईची पाच वर्षांची लेक मात्र काडीपैलवान. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

साई काही उपाशी मूल नव्हतं. उलट दिवसभर तिचं तोंड चालू असायचं. सकाळी चहात बुडवून क्रीमची बिस्किटं, दुपारी झटपट नूडल्स, संध्याकाळी ज्ञानूमामाच्या दुकानातला कुरकुरीत काहीतरी पुडा. भाकरी पुढे केली की तोंड फिरवायची आणि भाजीत हिरवा तुकडा दिसला की ताट लोटून द्यायची. सुवर्णाला पहाटे धारा, मग डेअरी, मग चाऱ्याची कुट्टी. पोरगी काहीतरी खातेय ना, मग खाऊ दे, असं करत करत वर्षं गेली. खोटं कशाला बोला, रडणाऱ्या पोरीच्या हातात पुडा दिला की घटकाभर गोठ्यात काम सुचायचं.

नवरा सत्यजीत शिक्रापूरला कारखान्यात. पाळ्यांची नोकरी, म्हणून तिथेच चौघांत एक खोली घेतलेली. आठवड्याच्या सुट्टीला मोटरसायकलवर घरी यायचा तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंना दोन फुगलेल्या पिशव्या असायच्या. वेफर्स, केक, जेली, रंगीत सरबतांच्या बाटल्या. गाडी थांबायच्या आत साई धावत यायची, दोन्ही पिशव्या ओढून घ्यायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात पळायची. सत्यजीत रिकाम्या हातांनी तिथेच उभा राहून हसायचा. आठ दिवसांनी तोंड दाखवणाऱ्या बापाला बघून लेक धावत येते, याहून त्याला काय हवं होतं? ती बापाकडे धावते की पिशवीकडे, हा प्रश्न सुवर्णाच्या मनात एकदा आला होता. तिने तो तिथेच दाबून टाकला.

पण पंधरा दिवस कधी सुखाचे गेले नाहीत. आज ताप, उद्या कान दुखतोय, परवा जुलाब. पावडरीत खुणेपर्यंत पाणी घालून हलवायची ती अँटिबायोटिकची बाटली घरात कायमच. निम्म्या वेळा डॉक्टरांनी दिलेली, निम्म्या वेळा मेडिकलमधून मागच्यासारखीच द्या म्हणून आणलेली. गेल्या दिवाळीपासून नऊ बाटल्या झाल्या होत्या. आषाढात साई तापाने फणफणली तेव्हा सत्यजीतने रजा टाकली आणि दौंडच्या दवाखान्याचा जिना तिला उचलून चढला. वर गेल्यावर एवढंच म्हणाला, "हिला वजनच न्हाई गं."

भाद्रपदात दौंडच्या सुलक्षणा डॉक्टरांनी साईला पुन्हा काट्यावर उभं केलं. साडेतेरा किलो. सुवर्णाने नऊच्या नऊ बाटल्या पिशवीतून नेल्या होत्या, त्या टेबलावर मांडल्या. लपवून काय उपयोग होता? डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रक्ताच्या तपासण्या चाळल्या, मोठं काही दिसत नाही म्हणाल्या आणि मग शांतपणे समजावत बसल्या. औषध वाईट नाही, लागेल तेव्हा ते जीव वाचवतं. पण ते आतड्यातले वाईट जंतू मारताना चांगलेही मारतं. चांगले जंतू पुन्हा वाढायला त्यांना कोंडा, भाज्या, कडधान्यं असलं चोथ्याचं अन्न लागतं, आणि साईच्या खाण्यात ते औषधालाही नाही. आजाराशी लढणारी माणसाची ताकद बरीचशी आतड्याशी राहते, तिथेच तिची तालीम होते. सगळं खाण्यामुळेच होतंय असं म्हणता येणार नाही, पण सुरुवात तिथून करू.

"संक्रांतीपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "वजन वाढलं आणि आजारपणं कमी झाली तर उत्तमच. नाहीतर पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती करून दुर्बिणीने आतडं तपासावं लागेल."

सुवर्णाने मान डोलावली. दुर्बीण तेवढी तिच्या डोक्यात घुसली, जंतूंचं अर्ध्यावरच राहिलं. जंतू चांगलेही असतात हे ऐकायला बरं वाटलं, एवढंच. आणि परतताना दौंडच्या स्टँडवर साईने भोकाड पसरलं तेव्हा तिने वेफर्सचा पुडा घेऊन दिला. लोक बघत होते ना.

त्यानंतर चार दिवसांनी पोळा आला.

इकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला. आता गावात बैल उरलेत किती? नांगरट ट्रॅक्टरने, ऊस ट्रॅक्टरने. बैल गेले, पण पुरणपोळ्या काही गेल्या नाहीत. घराघरात पुरण शिजतं, नैवेद्याचं ताट तयार होतं, मग ते घेऊन जायचं कुठे? दारात गोठा असलेलं घर गाठायचं. बैल नाही तर गाय, तीही त्याच दावणीची, असं म्हणत माणसं सुवर्णाच्या गोठ्याकडे वळली. आणि गोठ्यात शिरलं की पहिल्या खुंट्याला चंद्रा. पांढरीशुभ्र, कपाळावर काळी कोर, माणसाळलेली इतकी की कोणाच्याही हातातलं खाणार. सुवर्णा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिचे सासरे भिमाजी आबा फेटा बांधून गोठ्याच्या दारात उभे राहून सगळ्यांचं स्वागत करत होते. कोणी एक पोळी घातली, कोणी दोन. ज्ञानूमामाने वर भाताची मूद घातली. आबा म्हणाले, सणाचा घास हाय, एवढ्याशानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी उजाडताना सुवर्णा धारेला गेली तर चंद्रा बसलेली. उठवली तर उठेना. पोट डावीकडून तट्ट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, कान थंडगार, आणि रवंथ पूर्ण बंद. समोरची गव्हाण कालच्या कडब्याने भरलेली, तिला तोंडही लावलेलं नव्हतं. सुवर्णाने जनावरांच्या इंद्रजीत डॉक्टरांना फोन केला आणि आबांना हाक मारली. काल किती पोळ्या गेल्या, असं तिने विचारलं तेव्हा आबा बोटं मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. बावीस.

इंद्रजीत डॉक्टर राहूतलेच, बोलायला रांगडे. आल्या आल्या त्यांनी नळी घालून पोटातला वास घेतला, खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं. गहू, गूळ, पुरण, सगळं एकदम पोटात गेलं, त्याचं आंबून ॲसिड झालं, आणि त्या ॲसिडात पोटातले जंतू मेले, असं ते काम करता करता सांगत होते. मग हात पुसत म्हणाले, "आता हिला दुसऱ्या गाईचे जंतू घालायला पायजेत. दुसऱ्या गाईचा रवंथ आणा."

हे काम आबांचं होतं. फेटा काढून ठेवून ते पलीकडच्या खुंट्याच्या मैना गाईजवळ गेले. मैना डोळे मिटून शांतपणे रवंथ करत होती. आबांनी तिच्या गळ्याखाली खाजवलं, घास वर येऊन तोंडात पोचल्याची खूण हाताला लागेपर्यंत थांबले, आणि एका झटक्यात जीभ बाजूला धरून तो हिरवा, ऊन घास हातात काढून घेतला. मैनेला कळलंही नाही. असे पाचसहा घास त्यांनी काढले. डॉक्टरांनी ते कोमट पाण्यात कालवून, गाळून नळीने चंद्राच्या पोटात सोडले. आबांच्या बापाने असंच केलेलं होतं, त्याच्याही बापाने. तेव्हा जंतूबिंतू कोणाला ठाऊक नव्हते.

"सुवर्णाताई, एक ध्यानात ठिवा," नळी धूत डॉक्टर म्हणाले. "गाईला आपण घालत न्हाई. आपण तिच्या पोटातल्या जंतूंना घालतो, आन् ते गाईला घालत्यात. ते मेले की गव्हाण भरलेली आसून गाय उपाशी."

सुवर्णा बादली धरून उभी होती. तिने सहज मागे बघितलं. ओसरीच्या पायरीवर साई बसली होती, हातात पुडा, तोंड चालू, आणि हाताचं मनगट इतकं बारीक की बांगडी कोपरापर्यंत जावी. दौंडच्या डॉक्टरबाईंचं जे अर्धं डोक्यात शिरायचं राहिलं होतं, ते तिथे उभ्या उभ्या शिरलं. भरल्या गव्हाणीपुढे उपाशी. पाच वर्षं तिच्या दारात रोज पोळा चालला होता. बाप घालत होता, आजा घालत होता, ज्ञानूमामा घालत होता, ती स्वतः घालत होती, आणि प्रत्येकाने एकच तर घातली होती. सुवर्णाला स्वतःचा इतका राग आला की तिने बादली दाणकन खाली ठेवली.

चंद्राने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रवंथ केला. त्याच संध्याकाळी सुवर्णाने साईची जुनी पाटी काढली, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "विचारल्याशिवाय काही घालू नये", आणि गव्हाणीवर टांगली. मग शेजारून आणखी एक पाटी मागून आणली. तिच्यावरही तेच लिहिलं, खाली आणखी एक ओळ घातली, "साईलासुद्धा", आणि ती घराच्या दाराला अडकवली.

गावात हसू झालं. ज्ञानूमामा म्हणाला, आता पोरीला दावंच बांधा. आबांना ते लागलं. नातीला लिमलेटची गोळी द्यायचीसुद्धा सुनेला विचारून? ते सुवर्णाशी बोलेनासे झाले, पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेऊ लागले. सुवर्णाने घरातले सगळे पुडे पोत्यात भरले आणि पोतं कुलपात टाकलं. हसणाऱ्यांचे दात दिसतात, असं म्हणून ती कामाला लागली.

सत्यजीत सुट्टीला आला तो पाटी वाचत दारातच थांबला. दोन्ही हातांत पिशव्या. साई धावत आली तेव्हा सुवर्णा मध्ये उभी राहिली. पोरीने जमिनीवर लोळण घेतली. तिला आत नेऊन आबांजवळ दिल्यावर नवरा-बायको गोठ्यामागे बोलले. तिने त्याला चंद्राचं सांगितलं, डॉक्टरबाईंचं सांगितलं, संक्रांतीची मुदत सांगितली. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या कपाळाला आठी होती, पण ती रागाची नव्हती.

"मी आठ दिसांनी येतो, सुवर्णे," तो म्हणाला. "मोकळ्या हातानं आलो तर ती वळखंल का मला?"

हे सुवर्णाने कधी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण ती हलली नाही.

"न्हाई वळखलं तर मी वळख करून दीन. पिशवी आत यायची न्हाई."

तो चहाला न थांबता गेला. पुढच्या सुट्टीला ओव्हरटाईम असल्याचा फोन आला. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. ओव्हरटाईम खरा होता की नाही, हे तिने विचारलं नाही.

आता इथे सुवर्णा चुकली, आणि अशी चुकली की तिला स्वतःलाच नंतर विश्वास बसेना. सत्यजीत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने घरातलं खाणं एका रात्रीत बदललं. बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, गाजर, पेरू, वाटी वाटी ताक. चांगलं ते सगळं, आणि सगळं एकदम. साईने दोन दिवस कडकडीत संप केला. तिसऱ्या दिवशी भुकेने हरली आणि उसळीच्या दोन वाट्या, आख्खा पेरू आणि भाकरी असं सपाटून खाल्लं. सुवर्णा जिंकल्यासारखी सगळीकडे सांगत सुटली. चौथ्या दिवशी साईचं पोट तट्ट फुगलं. ती कळवळून रडत होती, जुलाब सुरू झाले, मांडीवर घेतली तरी राहीना.

इतके दिवस न बोललेले आबा आता बोलले. "झालं समाधान? निदान बिस्कीट तरी पचत हुतं पोरीला."

सुवर्णाने दौंडला फोन लावला, डॉक्टरबाईंनी साखर-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं, दुपारपर्यंत उतार पडला नाही तर घेऊन या म्हणाल्या. ती पाणी पाजत राहिली. पोरगी तिच्या अंगावर निपचित पडली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मम्मी, बिस्कीट दे ना." सुवर्णाने कुलपाची किल्ली कमरेची सोडून हातात घेतली होती. अगदी खरं सांगायचं तर ती उठलीही होती.

तेवढ्यात दारात इंद्रजीत डॉक्टरांची गाडी वाजली. ते चंद्राला बघायला आले होते. साईला आबांच्या मांडीवर देऊन ती गोठ्यात गेली. डॉक्टरांनी चंद्राच्या पोटाला हात लावला, शेण बघितलं, खूश झाले. मुरघास सुरू केला का, किती देताय, असं विचारलं.

"आजून मूठभरच," सुवर्णा म्हणाली. "पयले आठ दिस नुसता कडबा. मग एक मूठ, चार दिसांनी दोन मुठी. मेलेलं जंतू परत भरायचं, आन् त्यास्नी नव्या चाऱ्याची सवय व्हायची, म्हंजी एकवीस दिस तरी लागत्यात. एकदम घातलं तर पोट फुगून गाय पुन्हा…"

ती तिथेच थांबली. तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं, तर ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आख्ख्या गावाला चारा बदलायला शिकवणारी ती. गाईचा चारा बदलताना जिचा हात मुठीवर थांबतो, तिने लेकीच्या पोटात मात्र बैलगाडी रिकामी केली होती.

दुपारपर्यंत साईला उतार पडला. सुलक्षणा डॉक्टरांना संध्याकाळी पुन्हा फोन झाला तेव्हा सुवर्णाने गाईचं एकवीस दिवसांचं गणित सांगून, लेकीचं तसं केलं तर चालेल का, असं विचारलं. पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच करा, फक्त आणखी सावकाश.

गोठ्याच्या भिंतीवर चंद्राच्या मुठींच्या खडूच्या रेघा होत्याच. सुवर्णाने शेजारी दुसरा रकाना आखला आणि वर साई लिहिलं. पहिला आठवडा मऊ भात, मुगाचं वरण आणि चमचाभर ताक, एवढंच. मग चमचाभर उसळ. मग भाकरीचा चतकोर, तोही वरणात कुस्करून. या वेळी बिस्किटंही तिने एकदम तोडली नाहीत. चारावरून तीन, तिनावरून दोन, अशी उतरवत आणली. चंद्राला मूठ वाढली की साईला चमचा वाढायचा. पोरीला तो खेळ झाला. सकाळी उठली की ती आधी गोठ्यात जायची, भिंतीकडे बघायची आणि विचारायची, आज चंद्राला किती आन् मला किती? गाय खाते म्हणून ही खायची, आणि चंद्रा तर खाण्यात कधी कमी पडली नव्हती.

आबा लांबून बघत होते. चमच्याची भाषा त्यांना परकी होती, मुठीची नव्हती. एका दुपारी सुवर्णा डेअरीवरून आली तर भिंतीवरची रेघ आधीच ओढलेली, जरा वाकडी, म्हाताऱ्या हाताची. आबा ओसरीवर साईला घेऊन बसले होते आणि गाजर किसून तिच्या तोंडात चिमटीने घालत होते. त्या दिवशी आबांनी पाणी सुनेच्या हातून घेतलं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. साईने ज्ञानूमामाच्या दुकानातून दोनदा पुडा लांबवला. मामाच्या नातीच्या वाढदिवसाला तिने केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि सुवर्णाने ते खाऊ दिले. वर्षाचा सण वर्षाला ठीक आहे, असं तिचं म्हणणं. रोजचा पोळा नको. दिवाळीला सत्यजीत आला तेव्हा हातात पिशवी नव्हती, पण साई अचानक उसाच्या कडेला सापडली, ओठांना चॉकलेट आणि शेजारी चोरासारखा उभा बाप. सुवर्णाने त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं, भिंतीवरच्या त्या सगळ्या रेघा दाखवल्या आणि खडू त्याच्या हातात दिला. काय घातलं ते तुमच्या हातानं लिहा, म्हणाली. सत्यजीतने साईच्या रकान्यात बारीक अक्षरात चॉकलेट लिहिलं आणि शिक्रापूरला निघून गेला. पुन्हा ओव्हरटाईम सुरू झाला.

खरी परीक्षा मार्गशीर्षात आली. साईला सर्दी झाली, मग ताप चढला. एकशे दोन. घरात खिडकीत दहावी बाटली होती, कधीतरी आणून ठेवलेली, पाणी न घातलेली. आबा खिडकीकडे बघत होते. शिक्रापूरहून सत्यजीतचा फोन आला, आवाज घाबराघुबरा. बाटली घरातच हाय की, दे ना, कशाची वाट बघतीस? सुवर्णा म्हणाली, डाक्टरबाई दे म्हणल्या तर या घडीला दीन, पण मेडिकलवाल्याच्या आन् माझ्या मनानं न्हाई. आणि तिने पोरीला शालीत गुंडाळून दौंड गाठलं.

सुलक्षणा डॉक्टरांनी छाती, कान, घसा सगळं तपासलं. साधा विषाणूचा ताप, म्हणाल्या, यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तापाचं औषध द्या, पाणी पाजत राहा. श्वास जोरात चालला, पोरगी खाईना-पिईना किंवा तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर एक तासही थांबू नका.

ते तीन दिवस सुवर्णाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. धारा काढताना कान घराकडे. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, पेज पाजायची, छातीवर हात ठेवून श्वास मोजायचा. दर वेळी ताप आठ-आठ दिवस रेंगाळायचा आणि जाताना जुलाब मागे ठेवून जायचा. आपण चुकत असलो तर, हा विचार तिच्या छातीवर दगडासारखा बसला होता. पण ती बाटली तिने फोडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साईला दरदरून घाम आला. ती उठून बसली आणि म्हणाली, "भूक लागली. भाकरी दे. ताकात कुस्करून."

सुवर्णा चुलीपाशी जाऊन रडली. मग डोळे पुसून भाकरी थापली.

हे सगळं तिने फोनवर सत्यजीतला सांगितलं. तो ऐकत राहिला. बाटली दिली न्हाईस, असं त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. मग तो म्हणाला, भोगीला येतो.

भोगीला राहूत घराघरात एकच वास. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, सगळं एकत्र शिजत असतं, आणि शेजारी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणत आबा सकाळपासून शेंगा सोलत बसले होते. परवा दौंडला जायचं होतं, काट्यावर उभं राहायचं होतं. सुवर्णाने मुद्दाम घरी वजन केलं नव्हतं. डेअरीचा काटा होता, पण तिचा धीर झाला नाही.

दुपारी मोटरसायकल वाजली. सुवर्णा तव्यावरची भाकरी तशीच ठेवून दारात आली. सत्यजीतने गाडी लावली. हँडल दोन्ही बाजूंनी मोकळं होतं. तो गाडीजवळच उभा राहिला, पुढे येईना. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं, त्याने ते आधी खिशात घातले, मग बाहेर काढले.

साई ओसरीवरून धावत निघाली आणि अर्ध्या अंगणात थांबली. तिने हँडलकडे बघितलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग बापाच्या पाठीमागे काही आहे का ते वाकून बघितलं. आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पप्पा, काय आणलं?"

"काय न्हाई गं," सत्यजीत म्हणाला. "आज काईच न्हाई आणलं."

साईने विचार केला. कपाळाला आठी घालून, अगदी बापासारखा.

"म्हंजी दोन्ही हात मोकळं हायेत?"

"व्हय."

"मग मला उचला."

सत्यजीत खाली वाकला. जिन्यावर उचलली होती त्याच अंदाजाने त्याने हात घातला आणि ती उचलली जाईना, एक पाऊल मागे सरून, कमरेत नीट दम धरून त्याला पुन्हा उचलावं लागलं. साईने त्याच्या गळ्यात हात टाकले. तो तिला घेऊन अंगणात तसाच उभा राहिला आणि दारातल्या सुवर्णाकडे बघत राहिला.

"जड झाली गं ही," तो म्हणाला.

आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला. सुवर्णा हलली नाही.